सत्तावीस पॉइंट तीन

आदल्या रात्री ॲसिड मी एकट्यानेच केलं.
केरिचोत दहालाच वीज गेली होती,
मळ्यांवरचं धुकं खिडकीच्या जाळीपर्यंत आलेलं,
आणि मी टॉर्च दातांत धरून
काचेच्या मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी चढवत होतो,
थेंब थेंब, डोळा रेघेच्या पातळीत.
एकोणीस वर्षं हेच करतोय.
चाळीस मुली, चाळीस बाटल्या,
प्रत्येकीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी: द्रावण अ.

एकोणचाळीस भरल्या.
चाळिसावी गळ्याशी येऊन थांबली.
संध्याकाळी कोपराने एक चंबू थोडा कलंडला होता,
फडक्याने पुसून टाकला, कोणाला बोललो नाही.
नवीन करायला ॲसिड कपाटात,
कपाटाची किल्ली सिगेई मॅडमकडे,
मॅडम डोंगरापलीकडे, आणि माझे पाय बोलत होते.
दहावा हिस्सा कमी. तेवढाच.

माझी आई दूध विकायची.
गिऱ्हाइकासमोर भांडंसुद्धा विसळायची नाही,
उगाच संशय नको.

मी पाणी घातलं. बूच लावलं. हलवलं.
पाण्याला रंग नाही, ॲसिडलाही नाही,
दोघं एकमेकांत छान लपतात.

सकाळी मुली रांगेने आल्या, हिरव्या स्वेटरच्या बाह्या वर सारत.
ती बाटली चेप्केमोईच्या वाट्याला.
तिने ब्युरेट आधी ॲसिडनेच विसळली,
तोटीच्या टोकाला अडकलेला बुडबुडा काढला,
गेल्या वर्षी मीच तिला दाखवलं होतं, बोटाने टिचकी मारून.
पिपेटने पंचवीस घेतले, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन,
आणि पांढऱ्या टाइलवर चंबू गुलाबी झाला.

इथे रंग आणायचा नसतो,
तो जातो कधी ते पकडायचं असतं.
डाव्या हातात तोटी, उजव्यात चंबू, गोल, गोल,
थेंब पडतो, गुलाबीला भोक पडतं,
भोक बुजतं,
पुढचा थेंब.

चोविसाच्या सुमारास सगळे हात मंदावले.
मग एकेक चंबू विझत गेला,
आणि बाकाखालून कुजबुज सरकली:
चोवीस सहा. चोवीस सहा. तुझं? चोवीस सहा.
चेप्केमोईचा चंबू अजून ढळढळीत गुलाबी.
तिने ब्युरेट पाहिली. शेजारच्या चेलेलची पाहिली.
चेलेलने कागद जरा तिरका केला, मैत्रीण आहे.
मी सिंकपाशी उभा, धुतलेली पिपेट पुन्हा धूत.

पंचवीस. सव्वीस. सत्तावीस.
सत्तावीस तीनला रंग गेला.
दुसऱ्यांदा: सत्तावीस तीन.
तिसऱ्यांदा तिने इतकं हळू सोडलं
की एक थेंब टोकाला लोंबकळत राहिला
आणि तिने तो चंबूच्या कडेला पुसून घेतला.
सत्तावीस दोन.

खोडरबर होता तिच्याजवळ, मी पाहिला.
तो तसाच राहिला पेन्सिलीखाली.
तिन्ही आकडे तिने शाईने लिहिले,
खाली सरासरी, खाली नाव नाही, क्रमांक.

दुपारी सगळ्या गेल्यावर
तिच्या बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं.
दार लावून मी ब्युरेट उभी केली.
शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदाच,
इतकी वर्षं नुसती धुतोय.
हात थरथरला, तरी आकडा आला.
तिचाच आला.

पेपरांच्या पाकिटात मॅडमचाही एक आकडा जातो,
पहिल्या बाटलीतून काढलेला.
त्याच्या जवळ जो येईल त्याला गुण.
पाकीट उद्या बंद होणार.

बाटली कोटाच्या आत धरून मी डोंगर चढलो,
काल लांब वाटला होता तोच.
मळ्यातल्या कुत्र्यांनी ओळखलं नाही, मग ओळखलं.
सगळी वाट वाक्य जुळवत होतो,
आधी चंबू, मग किल्ली, मग एकोणीस वर्षं,
नाही, आधी मुलगी.

दार उघडलं. हातात कंदील, डोळ्यांत झोप.
“मॅडम, पाणी…” एवढंच निघालं तोंडातून,
आणि त्या आत गेल्या
माझ्यासाठी ग्लास भरून आणायला.